बसल्याबिगर शेरा नाई

वाहनांच्या तक्रारी निकालात काढायला आमच्या बडे बाबूंइतका नालायक माणूस अख्ख्या विदर्भात दिवा घेऊन शोधला असता तरी सापडला नसता. कारण साधं होतं, त्यांना गाडी लागायची. थोडीथोडकी नाही. एसटी स्टँडसमोरून पायी जातानासुद्धा डिझेलच्या वासानं त्यांचा चेहरा उतरायचा आणि हात आपोआप खिशातल्या लिंबाकडे जायचा. जीपमध्ये बसले की पहिल्या मैलाला ते गप्प व्हायचे, तिसऱ्या मैलाला डोळे मिटायचे आणि पाचव्या मैलाला ड्रायव्हरच्या खांद्यावर हळूच दोन बोटं ठेवायचे. त्या दोन बोटांचा अर्थ खात्यातल्या सगळ्या ड्रायव्हरांना ठाऊक होता. अशा माणसाकडे 'वाहने व तक्रारी' हे टेबल होतं, आणि माझं नशीब असं की त्याच टेबलाच्या कोपऱ्याला कनिष्ठ लिपिक म्हणून मला चिकटवलं होतं.

चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा होऊन तेव्हा दोन-तीन वर्षंच झाली होती. आमचं ऑफिस हिवतापाचं. म्हणजे जंगलातल्या गावोगाव जायचं, ताप आलेल्यांच्या बोटातून रक्ताचे नमुने घ्यायचे, गोळ्या द्यायच्या आणि घरादारांच्या भिंतींवर डीडीटी फवारायची. एवढ्या मुलखासाठी एक ट्रक आणि एक जीप. ट्रकमध्ये डीडीटीची पोती खाली आणि माणसं पोत्यांवर. त्यामुळे तक्रारींना तोटा नव्हता. चालत्या जीपचं मागचं दार उघडतं आणि भाकरीचा डबा नाल्यात जातो; ट्रकच्या फळीचा खिळा वर आला आहे; ट्रक नेमका जिथे बंद पडतो तिथे अस्वल असतं. दुसऱ्या कुठल्याही ऑफिसात अशा कागदावर 'तक्रारीत तथ्य नाही' असा शेरा मारून बाबू चहाला गेला असता. आमचे बडे बाबू कागद दोनदा वाचायचे, चष्मा पुसायचे आणि मला म्हणायचे, "बाबू, लिंबं किती हायेत पाहा."

लिंबं मोजायची म्हणजे दौरा ठरला. बडे बाबूंचा नियम असा की तक्रार ज्या जागेवर बसून झाली त्या जागेवर आपण स्वतः बसल्याशिवाय तिच्यावर शेरा मारायचा नाही. "कागद टेबलावर वाचता येते, तक्रार नाई," असं ते म्हणायचे. खिळ्याची तक्रार आली तेव्हा त्यांनी फवारणीवाल्याला नेमकी जागा विचारून फळीवर खडूनं चौकोन काढला, आणि गडचिरोलीपासून धानोऱ्यापर्यंत त्या चौकोनात बसून गेले. मी त्यांना जरा सरकून बसा म्हटलं, तर म्हणाले, "सरकून बसलो तर ते माही तक्रार होईन, त्याची नाई." परतल्यावर विजारीला रफू करून घेतलं आणि शेरा लिहिला, 'खिळा एक नसून दोन आहेत.'

अस्वलाचं प्रकरण त्याहून भारी. ज्या नाल्यात ट्रक बंद पडायचा तिथे आम्ही दोघं एका मोहाच्या झाडाखाली सकाळी दहा ते दुपारी चार बसलो. ऐन उन्हाळा, तरी बडे बाबूंच्या गळ्यात मफलर, हातात छत्री, आणि छत्रीचा उपयोग काय तर अस्वल आलं की ती एकदम उघडायची, अस्वल घाबरतं म्हणे. मी मनातल्या मनात माझ्या बायकोचा, आईचा आणि नोकरी लावून देणाऱ्या मामाचा निरोप घेतला. अस्वल आलं नाही. मी सुटलो म्हणून उठलो, तर हे गृहस्थ वाकून काहीतरी निरखत होते. शेरा असा: 'अस्वल भेटले नाही. विष्ठा ताजी आहे. तक्रार खरी.' ट्रकला नवी बॅटरी मिळाली हे खरं, पण माझे सहा तास मला कुणी परत दिले नाहीत.

हळूहळू स्टाफ तक्रारी मागे घ्यायला लागला. तक्रार केली की बडे बाबू येणार, आपली जागा बळकावणार, आपण पोत्यावर, आणि वाटेत चार ठिकाणी गाडी थांबवून हे झाडाला धरून ओकणार. आमचा ड्रायव्हर पोचन्ना सिरोंच्याकडचा. तो म्हणायचा, "बाबू, खराब गाडीत दोन घंटे लागते. बडे बाबू बसले का चांगल्या गाडीत पाच." एकदा मीही वैतागून त्यांना विचारलं की हा हट्ट कशासाठी, कोणत्या जीआरमध्ये लिहिलंय? त्यांनी लिंबू हुंगलं. मग म्हणाले, "नवा होतो तेव्हा एका ड्रायव्हरनं लिहून देल्लं, ब्रेक लागत नाई. मी टेबलावरूनच लिवलं, तथ्य नाही. दुसऱ्या दिवशी तो आला. भांडला नाई, काई नाई. एवढंच इचारलं, बाबू, तुमी बसले होते काय गाडीत? आता काय सांगू मी त्याले?" मग त्या ड्रायव्हरला काही झालं का, असं मी विचारलं. "काई नाई झालं. मले झालं," म्हणाले, आणि पुढचा कागद ओढला.

अशात आमच्या खात्याला दुसरी जीप मिळाली. ती पोलीस खात्यातून रिटायर होऊन आली होती. रंग तोच गडद निळा. पाटीवरची अक्षरं खरवडली होती, पण ऊन तिरपं पडलं की वाचता यायची. टपावरचा दिवा काढून नेला होता आणि त्याची चार भोकं तशीच ठेवली होती, त्यातून पावसाचं पाणी बरोबर मधल्या माणसाच्या टाळूवर पडायचं. ही जीप एटापल्लीकडच्या कामाला लावली, आणि पंधरा दिवसांत मेश्रामबाईंचा अर्ज आला.

मेश्रामबाई आमच्या नर्स. मूळच्या चिमूरकडच्या. घरी म्हातारी आई आणि शाळेत जाणारी दोन मुलं, सगळं घर बाईंच्या नोकरीवर. जंगलातल्या कामाला बाई कधी नाही म्हणाल्या नव्हत्या, गोंडी बोलायच्या, आणि गावोगावच्या पोरांना नावानं ओळखायच्या. त्यांनी लिहिलं होतं की निळी जीप दिसली की पोलीस आले समजून सगळं गाव रानात पळतं, तापानं फणफणलेली माणसंसुद्धा पळतात, आणि रक्त घ्यायला कुणी उरत नाही. वर रानातल्या वाटेवर आपल्यालाही कुणी पोलीस समजलं तर काय होईल याची रोज भीती वाटते. म्हणून बाई प्रत्येक गावाच्या दोन मैल अलीकडे जीप थांबवतात आणि पुढे एकट्या पायी जातात. दुसरं वाहन द्यावं.

आमचे साहेब नवे, पुण्याकडचे, आणि घाईचे. त्यांनी जीपचं लॉगबुक मागवलं, त्यात जीप रानात उभी असल्याची नोंद पाहिली, आणि बाईंना नोटीस काढली: शासकीय वाहन विनाकारण उभे ठेवून कामात कसूर केली, आठ दिवसांत खुलासा द्या, नाहीतर निलंबन. तक्रारीचा कागद त्यांनी बडे बाबूंच्या टेबलावर टाकला. "यावर 'तथ्य नाही' लिहा आणि संपवा. अहो, गाडीच्या रंगाची कसली तक्रार करताय?"

"बसून पाहतो साहेब," बडे बाबू म्हणाले.

"आठ दिवस आहेत फक्त."

"मंग उद्याच जातो," असं साहेबांना सांगून माझ्याकडे वळले, "बाबू, लिंबं."

दुसऱ्या दिवशी सकाळी पोचन्ना, मेश्रामबाई, बडे बाबू आणि मी असे निघालो. बाईंची जागा मागे डाव्या अंगाला, म्हणून बडे बाबू तिथे बसले आणि बाईंना पुढे बसवलं. आलापल्लीच्या पुढचा रस्ता म्हणजे खड्ड्यांना जोडणारी वाट. एटापल्ली गाठेपर्यंत दोन बोटांची खूण तीनदा झाली आणि तीनदा जीप ओकण्यासाठी कडेला घ्यावी लागली. सूरजागडचा डोंगर दिसायला लागला तेव्हा बडे बाबूंचा रंग लिंबाच्या सालीसारखा झाला होता. मेश्रामबाई नेहमीच्या जागी "इथी थांबवा" म्हणाल्या, तर हे मागून डोळे मिटलेल्या अवस्थेत म्हणाले, "नाई. आज गावात न्या. पयतात का नाई ते पाहाचं हाये."

गावात शिरलो तर गाव नव्हतंच. म्हणजे घरं होती, चुलीवर पेज रटरटत होती, कोंबड्या फिरत होत्या, एका खाटेवरचं कांबळं अजून गरम होतं. माणूस एक नाही. त्या कांबळ्याला हात लावून मेश्रामबाई खाली बसल्या. "पाहा ना बाबूजी. याच्या अंगात ताप होता. मी काऊन पायी येतो ते आता समजलं का तुमाले?" मला स्वतःची लाज वाटली, कारण अर्ज आला तेव्हा मीही हसलो होतो.

बडे बाबूंना उत्तर द्यायला सवड नव्हती. ते धडपडत एका मोहाच्या झाडाकडे गेले, झाडाला मिठी मारली आणि जे सुरू झाले ते थांबेनात. पोचन्ना पाणी घेऊन धावला, मी मफलर सांभाळली. तेवढ्यात एका घराच्या कुडाआडून म्हातारी बाहेर आली. तिला पळता आलं नव्हतं. ती कमरेवर हात ठेवून थोडा वेळ हा सोहळा बघत राहिली, मग तिला हसू आलं. रानाकडे तोंड करून तिनं गोंडीत जोरात काहीतरी ओरडून सांगितलं. पहिल्यांदा दोन पोरं आली, मग बायका, मग पुरुष, आणि पाच मिनिटांत सगळं गाव गोल करून बडे बाबूंचं ओकणं बघायला उभं. म्हातारीनं चिंचेचं पाणी आणून दिलं. मी मेश्रामबाईंना विचारलं, काय म्हणाली ही? बाई डोळे पुसता पुसता हसत होत्या. "म्हनली, या रे या, हे पोलीस नोहे. एवढा ओकणारा मानूस कोनाले पकडन?"

त्या दिवशी गावातले सगळे नमुने झाले. कांबळं टाकून पळालेला तापाचा माणूस सापडला, त्याला गोळ्या मिळाल्या. परतीच्या वाटेवर मी बडे बाबूंना म्हटलं की आता लोकांची भीती गेली, प्रश्न मिटला. तर त्यांनी मिटल्या डोळ्यांनीच मला झापलं. "दर खेपेला मी येऊन ओकू काय?"

त्यांचा शेरा साऱ्या ऑफिसनं पाठ केला होता: 'वाहन यांत्रिकदृष्ट्या ठीक. रंग नादुरुस्त. तक्रारीत तथ्य आहे. कर्मचाऱ्याने वाहन दूर उभे ठेवून पायी जाणे ही कसूर नसून कामच आहे.' साहेब संतापले. रंग नादुरुस्त असू शकत नाही, रंगकामाची तरतूद नाही, अमुक नाही, तमुक नाही. पण शेरा फाईलवर चढला होता आणि त्याखाली सही होती ती बसून पाहिलेल्या माणसाची. मेश्रामबाईंची नोटीस गुपचूप मागे घ्यावी लागली.

आणि रंगाचं? साहेब नागपूरला मीटिंगला गेलेले असताना बडे बाबूंनी फवारणीच्या सूचनांचं पुस्तक काढलं. त्यात होतं की ज्या जागेत माणसं रात्र काढतात ती प्रत्येक जागा फवारणीस पात्र आहे. त्यांनी पोचन्नाला विचारलं, "जीपमंदी झोपतोस ना?" पोचन्ना म्हणाला, दौऱ्यावर रोज. झालं. पंप आणले, डीडीटी कालवली आणि निळी जीप टपापासून चाकापर्यंत फवारून काढली. वाळल्यावर ती चुन्यानं सारवलेल्या गोठ्यासारखी पांढरी दिसायला लागली. फवारलेल्या घराच्या दारावर आम्ही गेरूनं तारीख टाकायचो, तशी जीपच्या दारावरही टाकली. त्या जिल्ह्यात ती खूण लेकराबाळांना ओळखू यायची. गावं पळायची थांबली. पाऊस पडला की मात्र जीप मधूनच निळी व्हायला लागायची, मग पोचन्ना झाडाखाली उभी करून तिला पुन्हा फवारायचा. माझ्या टेबलावर 'वाहन फवारणी' असं एक नवीन रजिस्टर आलं, ते मीच भरायचो आणि भरताना दातओठ खायचो.

साहेबांनी वचपा काढला. बडे बाबूंची बदली सिरोंच्याला केली. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जिथे पोचायलाच एसटीत अख्खा दिवस जायचा. गाडी लागणाऱ्या माणसाला याहून क्रूर शिक्षा नाही. निघायच्या दिवशी मेश्रामबाई पिशवीभर लिंबं घेऊन स्टँडवर आल्या होत्या. बडे बाबूंनी पिशवी उघडून पाहिली. "बाई, एवढी कायले? मी जाऊन राह्यलो, परत थोडीच येतो," म्हणाले, आणि खिडकीची जागा धरून डोळे मिटून बसले. गाडी सुटली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, हे मी कबूल करतो.

'वाहने व तक्रारी' टेबल माझ्याकडे आलं. पुढच्या पावसाळ्यात सिरोंच्याहून एक कागद आला. अक्षर ओळखीचं. नदीकाठच्या गावांना जायला फवारणीवाल्यांना जो डोंगा दिला आहे त्याच्या तळातून पाणी येतं, सहा माणसांपैकी चौघांना पोहता येत नाही, डोंगा बदलून द्यावा. साहेब म्हणाले, बदली रद्द करून घ्यायचे चाळे आहेत, लिहा 'तथ्य नाही'. बाहेर धो धो पाऊस, सिरोंच्याचा रस्ता आठवूनच माझी कंबर दुखायला लागली. आणि मी लिहिलं. टेबलावर बसून, चहा पीत, तीन शब्द: 'तक्रारीत तथ्य नाही.'

आठ दिवसांनी पोस्टकार्ड आलं. ऑफिसच्या पत्त्यावर, माझ्या नावानं. 'आपला शेरा मिळाला. एकच विचारणे आहे. आपण बसले होते काय?' खाली सही, बाकी कोरं.

मी ते कार्ड ड्रॉवरमध्ये टाकलं, मग काढलं, मग पुन्हा टाकलं. दोन रात्री झोप लागली नाही. त्या चौघांपैकी कुणी बुडालं तर, असं सारखं वाटत राहिलं. तिसऱ्या दिवशी रजेचा अर्ज ठेवला, बडे बाबूंना मनात वाटेल तशा शिव्या घातल्या, आणि बाजारातून चार लिंबं घेऊन सिरोंच्याच्या एसटीत बसलो.

तिथे विचारत नदीच्या घाटावर गेलो, तर बडे बाबू उभे होते. वाळले होते, मफलर तीच. त्यांनी नुसतं डोंग्याकडे बोट केलं आणि फवारणीवाल्याच्या जागेवर मला बसायला लावलं. स्वतः समोर बसले. डोंगा मध्यावर जाईपर्यंत माझी पावलं पाण्यात बुडाली होती. पाणी उपसायला एक डबा होता, तो मी हातात घेतला आणि भीतीनं उपसत सुटलो. खाली नदी लाल होऊन वाहत होती. मलाही पोहता येत नव्हतं. तिथेच मांडीवर कागद ठेवून मी शेरा लिहिला, शाई पाण्यानं पसरत होती: 'पूर्वीचा शेरा बसल्याबिगर मारला होता. तो रद्द समजावा. तक्रार खरी आहे.' कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा पुसला, दोनदा वाचला आणि घडी करून खिशात ठेवला.

"साहेब रागवन तुमाले," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं की नदीचा तुषार ते मला सांगता येणार नाही. मी माझ्या पिशवीतून लिंबू काढून पुढे केलं. त्यांनी ते घेतलं, डोळे मिटले, आणि हात लांब करून नावाड्याच्या खांद्यावर हळूच दोन बोटं ठेवली.

नावाड्याला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. तो मागे वळून बघायला लागला. मीच ओरडलो, "भाऊ, डोंगा काठाले घ्या. लवकर."